सतरंजी कुणी घातली? कवितेच्या सेवेकऱ्यांचा सन्मान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही काही कविताप्रेमी मंडळी दर वर्षी एका माणसाचा सत्कार करतो. अट एकच. त्यानं कवितेसाठी काहीतरी केलेलं असावं, आणि ते करणं म्हणजे कविता लिहिणं नसावं. आजूबाजूच्या गावांतून आता फोन येतात, ‘आम्हालाही असं काही करायचंय, कसं करता?’ प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कवितेचा सेवेकरी म्हणजे नेमका कोण?

आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारतो. हा माणूस नसता तर कुठली कविता आपल्यापर्यंत पोचली नसती? उत्तरात एखाद्या कवितेचं, कवीचं किंवा निदान एखाद्या संध्याकाळचं नाव आलं, तर तो सेवेकरी.

तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घेणारे संताजी जगनाडे चाकणचे तेली. इंद्रायणीची कथा सगळ्यांना पाठ असते, पण कागदावर अभंग ठेवणाऱ्या हाताची आठवण कीर्तन संपेपर्यंत टिकत नाही. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून तुकोबांची गाथा छापली. म्हणजे एका सेवेकऱ्याच्या वह्या दुसऱ्या सेवेकऱ्यानं जपल्या.

आजच्या काळात यात कोण येतात? मुद्रितशोधक, ग्रंथपाल, छोट्या मासिकाचे संपादक, जुन्या कवींच्या कॅसेटी जपून ठेवणारे, आंतरजालावर जुने कवितासंग्रह टंकून चढवणारे, वर्गात धडा संपल्यावर पुस्तकाबाहेरची एक कविता वाचून दाखवणारे मास्तर. आणि हो, सतरंजी घालणारे.

कवीचा सन्मान झाला की सगळ्यांचा झाला. वेगळा कशाला?

हा प्रश्न बहुधा कवीच विचारतात.

ज्ञानेश्वरीचा शेवट काढून बघा. ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. इथे ‘लेखकु’ म्हणजे लिहून घेणारा. ही ओवी सच्चिदानंदबाबांनीच मागाहून जोडली असावी असंही म्हणतात. तसं असेल तर मला ती अधिकच आवडते. पण सातशेहून अधिक वर्षं वारकऱ्यांनी ती पाठातून गाळली नाही, हे महत्त्वाचं. कर्ता आणि लेखकु एकाच ओवीत, आणि लेखकाच्या वाट्याला ‘आदरें’ हा शब्द.

आता आपल्याकडचा कार्यक्रम आठवा. राबलेल्या माणसांची नावं येतात आभारप्रदर्शनात. तोवर अर्धा हॉल चहाच्या रांगेत असतो. आभार मानणारा चिठ्ठीवरून भराभर वाचतो, ‘आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ म्हणून मोकळा होतो. ज्याला अज्ञात म्हटलं तो मागच्या भिंतीला टेकून उभा असतो.

पण असा स्वतंत्र मान द्यायची आपल्याकडे रीत आहे का?

आहे, फक्त तिला पुरस्कार म्हणत नसत. होनाजी बाळा हे नाव घ्या. कित्येकांना ते एकाच माणसाचं वाटतं. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा. गाणाऱ्याचं नाव रचणाऱ्याच्या नावाला असं चिकटलं की आज सोडवता येत नाही. याहून मोठं सन्मानचिन्ह कुठल्या दुकानात मिळेल?

संपादनाचं काम सन्मानात कसं धरायचं? त्यात दिसण्यासारखं काहीच नसतं.

दिसत नाही हेच त्या कामाचं यश. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकला करणाऱ्यांनी आपापल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होत्या. एकनाथांसारख्या कवीला स्वतःची एखादी ओवी सरकवणं किती सोपं होतं! त्यांनी उलट बजावून ठेवलं, ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ अमृताच्या ताटात नारळाची करवंटी.

दुसऱ्याच्या कवितेत आपला हात न दिसू देणं ज्याला जमतं, त्याला शोधून काढा. त्याच्याकडची जुनी हस्तलिखितं बघायला मागा. काय खोडलं यापेक्षा काय राहू दिलं यावरून माणूस कळतो.

घरातल्या माणसांना धरायचं का? आईच्या कविता मुलानं उतरवल्या तर त्यात सेवा कसली?

आमच्याकडे यावर दोन वर्षं वाद चालला. शेवटी बहिणाबाईंनी तो मिटवला.

बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, लग्न होऊन जळगावला आल्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, जाता येता सुचेल ते त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातलं जमेल तेवढं कागदावर उतरवलं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह.

आता सोपानदेवांच्या जागी उभे राहून बघा. ते स्वतः नाव असलेले कवी. घरातल्या बोलीत, न शिकलेल्या आईनं म्हटलेली गाणी घेऊन एवढ्या दांडग्या संपादकाकडे जायचं. त्यांनी ती बोली ‘शुद्ध’ करून टाकली असती तर त्या काळी कुणी दोष दिला नसता, पण लेवा गणबोली तशीच ठेवली गेली. आज बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला आहे. मुलाचं नाव मात्र अभ्यासक सोडून किती जण घेतात? सोपानदेव कवी म्हणून मोठे की आईचे लेखकु म्हणून, असा प्रश्न मला कुणी घातला तर मी दुसऱ्या बाजूला हात वर करीन. त्यांना ते आवडलं असतं की नाही, देव जाणे.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. पती, कवी ना. वा. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य त्यांनी पुरं केलं. शिवाय त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, टिळकांच्या घरी राहिले तेव्हा त्या पोराला सांभाळणारी माऊली याच. कवितेच्या इतिहासात जेवणावळींचा हिशेब कुणी मांडत नाही. मांडला तर बऱ्याच कवयित्रींच्या आणि कविपत्नींच्या नावावर मोठी रक्कम निघेल.

थोडक्यात, घरचं माणूस चालेल. फक्त एवढं बघा की त्यानं कविता जपली, की कवीचं निव्वळ नाव मिरवलं.

प्रकाशक तर व्यवसाय करतात. पैसे घेणाऱ्याचा सन्मान कशाला?

कवितेची पुस्तकं काढून कुणी माडी बांधल्याचं ऐकिवात नाही.

आणि शासनालाही हे पटलेलं आहे. उत्कृष्ट प्रकाशनसंस्थेसाठी राज्य शासनाचा श्री. पु. भागवत पुरस्कार आहे. मौज प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिक यांच्यामागचे हे संपादक. पुढच्या पिढीतल्या बंडखोरांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तीही शेवटी तिचा दरारा होता म्हणूनच. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली तेव्हा तिला शिव्या देणाऱ्यांतल्या काहींना चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार.

त्या बंडखोरांच्या बाजूचे अशोक शहाणे. त्यांच्या प्रास प्रकाशनानं ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली काढल्या. कोलटकर छापण्याची घाई नसलेला कवी. मराठीतले पुढचे संग्रह निघायला २००३ च्या आसपासचा काळ उजाडला. ‘भिजकी वही’ हातात आली, कोलटकर सप्टेंबर २००४ मध्ये गेले, आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. पाव शतक एखाद्या कवीसाठी दार किलकिलं ठेवून बसायचं, याला व्यवसाय म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पुस्तक काढण्यासाठी कवीकडूनच सगळे पैसे घेणारा आणि मग प्रती कवीच्याच घरी पोचवून देणारा, हा मात्र वेगळा प्राणी. त्याचा सत्कार करू नका.

छोट्या नियतकालिकांचं काय?

सगळ्यात आधी त्यांच्याकडे जा, कारण ही माणसं थकलेली असतात आणि तक्रार करत नाहीत.

धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून ‘कविता-रती’ चालवलं. निव्वळ कवितेला वाहिलेलं नियतकालिक, तेही मुंबई-पुण्याच्या बाहेरून. स्वतः चांगले कवी असताना त्यांनी आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या कविता वाचण्यात घातला. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ उभं केलं. ज्यांच्या कवितेला तोवरच्या मासिकांची दारं उघडत नव्हती, अशा दलित कवींच्या पिढ्या तिथे पहिल्यांदा छापल्या गेल्या. पानतावण्यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी ते गेले. आपल्याकडे सन्मान पोचायला एवढा वेळ लागतो.

अशा संपादकाचं अर्धं काम कवितेशी संबंधित नसतंच. वर्गणीदारांचे पत्ते लिहायचे, संपलेल्या वर्गणीची आठवण करायची, परत आलेले अंक पुन्हा पाठवायचे, कागदाचा भाव वाढला की पानं कमी करायची की किंमत वाढवायची यावर रात्र काढायची. तुमच्या जिल्ह्यात असा कुणी असेल तर सत्काराआधी एक करा, दहा जणांची वर्गणी भरा.

कार्यक्रम घडवून आणणाऱ्या पदाधिकाऱ्यांचा सन्मान करावा का?

करावा, पण खुर्ची सुटल्यावर. खुर्चीत असताना केलेला सत्कार खुर्चीचा असतो.

माणूस योग्य जागी असला की काय होतं याचं उत्तम उदाहरण पुणे आकाशवाणीचं. सीताकांत लाड तिथे अधिकारी असताना गदिमांकडून गीतरामायण लिहून घेतलं गेलं. १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक गीत, एकूण ५६. गदिमा आणि बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, नावं घराघरांत आहेत, लाडांचं नाव जाणकारांच्या तोंडी.

त्याआधीचं एक उदाहरण मला फार प्रिय. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशानं लष्करी डॉक्टर, नाव झालं वनस्पतिशास्त्रात. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अजून वापरात आहे. त्यांनी सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांना ‘बालकवी’ म्हटलं आणि मूळ आडनाव मागे पडून तेच नाव राहिलं. झाडं ओळखणाऱ्यानं रोपही बरोबर ओळखलं.

अनुवादक?

अर्थात. साहित्य अकादमी १९८९ पासून अनुवादासाठी वेगळे पुरस्कार देते. दिलीप चित्रे यांना १९९४ साली दोन्हीकडचा मान मिळाला, स्वतःच्या ‘एकूण कविता’साठी आणि तुकोबांच्या इंग्रजी अनुवादासाठी. लहान गावात अनुवादक सापडणार नाही असं समजू नका. अहिराणीतून, वऱ्हाडीतून, कोकणीतून प्रमाण मराठीत आणणाराही अनुवादकच.

निवड कशी करता? अर्ज मागवता का?

अर्ज नाही. जो स्वतःच्या सेवेचा अर्ज भरून, दोन छायाचित्रं जोडून पाठवतो, त्याला आपल्या सन्मानाची गरज नाही.

आमच्यात तिघं जण ठरवतात. त्यातला एक कविता न लिहिणारा असावाच लागतो, कारण कवी मंडळी ज्यानं त्यांचा संग्रह काढला त्याचंच नाव सुचवतात. (हे मी स्वतःवरून सांगतो आहे.) सुचवणाऱ्यानं एक ठोस गोष्ट दाखवायची, बांधीव अंक, वही, ध्वनिमुद्रण, किंवा ‘या माणसानं मला अमुक पुस्तक वाचायला दिलं’ असं सांगणारी दोन माणसं. ‘साहित्यक्षेत्रात मोलाचं योगदान’ एवढंच लिहून आलं तर कागद बाजूला.

आणखी एक. ‘आपली निवड झाली आहे, नोंदणीशुल्क पाठवा’ असे निरोप हल्ली सगळ्यांनाच येतात. सन्मान करणारा ज्याचा सन्मान करायचा त्याच्याकडून पैसे घेत असेल, तर ती विक्री आहे.

शाल-श्रीफळ द्यावं का?

पद्धत आहे, घरच्या म्हाताऱ्यांना बरं वाटतं, म्हणून द्या. पण तिथेच थांबू नका. ज्यांचा आजवर दहा वेळा सत्कार झाला त्यांच्या कपाटात शालींची चळत असते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचा उपयोग शून्य.

आम्ही कामाला लागणारी वस्तू देतो. मासिकवाल्याला वर्षभराचा टपालखर्च. शाळेच्या वाचनालयाला त्या मास्तरांच्या नावानं कवितेचं कपाट. कॅसेटी जपणाऱ्याला त्या संगणकावर उतरवून देण्याचा खर्च. एका वर्षी मोडके अंक पुठ्ठा बांधणी करून दिले, तेव्हा त्या गृहस्थांनी ते मांडीवर घेऊन कुरवाळले, शाल खांद्यावरून केव्हा घसरली ते त्यांना कळलंही नाही.

मानपत्रात काय लिहावं?

विशेषणं काढून टाका, क्रियापदं ठेवा.

‘आपल्या अलौकिक, निःस्वार्थ आणि अखंड काव्यसेवेने मराठी सारस्वताचे दालन समृद्ध झाले’ हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं. त्याऐवजी, ‘आपण दर गुरुवारी वाचनालयाची वरची खोली उघडून दिलीत. पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा बादल्या आपणच ठेवल्यात. त्या खोलीत पहिल्यांदा कविता वाचलेल्या चौघांची पुस्तकं आज समोरच्या कपाटात आहेत.’ हे दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही, म्हणून ते मानपत्र.

एक चूक आमचीही सांगतो. एका मुद्रितशोधकांचा सत्कार होता. मानपत्र घाईत छापलं. मंचावर ते त्यांच्या हातात दिलं, त्यांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सभागृह हसलं, आम्ही माना खाली घातल्या. ते मात्र शांतपणे म्हणाले, ‘सवय आहे.’ तेव्हापासून मानपत्र तीन जण वाचतात, आणि ज्यांचं आहे त्यांच्या घरच्यांना नाव, गाव, आडनाव आधी विचारलं जातं.

कार्यक्रमाचा क्रम कसा ठेवावा?

सन्मान आधी, पाहुण्यांचं भाषण नंतर आणि थोडकं. पुढारी आलेच तर त्यांना एक कविता वाचायला द्या. त्यामुळे भाषण आपोआप आटोक्यात राहतं. सत्कारानंतर त्या माणसामुळे वाचलेल्या कविता वाचा. त्याच्या मासिकात पहिल्यांदा छापलेली, त्यानं वहीत उतरवलेली. स्तुतीपेक्षा त्याला ते ऐकायचं असतं. तारीख २७ फेब्रुवारी धरू नका. मराठी भाषा गौरव दिनाला गावात सगळेच कार्यक्रम असतात आणि माईकवाला एकच.

मरणोत्तर सन्मान करावा का?

करता येतो, पण फोटोला हार घालून तो पुरा होत नाही. संताजी जगनाड्यांवर २००९ साली टपाल तिकीट निघालं. परशुराम तात्या गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत’ काढून जुन्या कवींचे वेचे शाळकरी पोरांच्या हातात दिले, त्यांचं स्मारक म्हणजे ते पुस्तक मिळेल असं ठेवणं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे जाल तेव्हा हेही आठवा की त्यांची कविता पुस्तकरूपानं आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, हरिभाऊ आपट्यांच्या हातून.

गेलेल्या सेवेकऱ्याचे कागद वाळवीच्या आधी गाठा. संग्रह आंतरजालावर चढवणार असाल तर हक्काचं बघा. आपल्या कायद्यानं कवीच्या मृत्यूनंतर साधारण साठ वर्षं स्वामित्वहक्क वारसांकडे राहतो, म्हणून त्यांची लेखी परवानगी घ्या. विचारलं तर बहुतेक जण आनंदानं देतात.

ज्याचा सन्मान करायचा तोच नको म्हणाला तर?

हे नेहमी होतं. दोनदा विचारा, तिसऱ्यांदा नको. आमच्या कार्यक्रमांना वर्षानुवर्षं ध्वनिक्षेपक लावणारे एक गृहस्थ आहेत. पैसे अर्धेच घेतात, आणि हळू आवाजाचा कवी आला की कुणी न सांगता माईक जवळ सरकवतात. गेल्या वर्षी त्यांना विचारलं. म्हणाले, नाव घ्यायचं तर घ्या, पण वर बोलावू नका. मी वर आलो तर खाली आवाज कोण बघणार?

मग आम्ही मानपत्र माईकवरून वाचलं. ते मागे यंत्रापाशी उभे होते. मध्येच त्यांनी आवाज थोडा वाढवला.